न फोडलेला बिस्किटांचा पुडा

मुलांनो, तुमच्यातल्या धाकट्याने परवा विद्यापीठात रक्त दिलं आणि दंडावरच्या पट्टीचा फोटो पाठवला. मी लगेच विचारलं, "आधी काय खाल्लं होतंस?" त्यावर त्याने नुसता हसरा चेहरा पाठवला. मला हसू का येत नाही, ते लिहून ठेवते.

मी निवृत्त झाले तरी पेणच्या आमच्या कॉलेजात रक्तदान शिबिर असलं की फॉर्म भरून घ्यायचं टेबल माझ्याकडे असतं. एका वर्षी तारीखही मीच ठरवली होती. परीक्षा टाळल्या, रमजान टाळला, संकष्टी टाळली. डिसेंबरातला एक गुरुवार मोकळा सापडला. कॅलेंडरवर त्याला लाल गोल केला आणि स्वतःवर खूश झाले.

रोह्याहून रोज एसटीने येणारी एक मुलगी रांगेत पहिली होती. आदल्या वर्षी हिमोग्लोबिन कमी म्हणून तिला परत पाठवलं होतं.

"मॅडम, वर्षभर नाचणी नि गूळ-शेंगदाणे खाल्लेत. आता नाय म्हणू नका."

"जेवून आलीस ना?" मी मान वर न करता विचारलं.

"व्हय, मॅडम."

मी 'हो'वर खूण केली. या वेळी हिमोग्लोबिन पुरेसं निघालं. रक्त देऊन झालं, तेव्हा सर्टिफिकेट उंच धरून ती मैत्रिणींना म्हणाली, "आता चिडवा!"

अर्ध्या तासाने चहाच्या टेबलावरची विद्यार्थिनी माझ्याकडे आली. ती आमच्याच गल्लीतल्या मुसलमान घरातली. तिच्या हातात बिस्किटांचा न फोडलेला पुडा होता.

"मॅडम, ती रोह्याची मुलगी हा खुर्चीवरच ठेवून एसटी पकडायला पळाली. नुसता चहा प्यायली. आज यांचा मार्गशीर्षातला गुरुवार ना? आमचे रोजे बरोब्बर टाळलेत, यांचा उपास विसरलात!"

या महिन्यात दर गुरुवारी इथे घरोघरी लक्ष्मीचा घट मांडतात. बायका-मुली दिवसभर उपास धरतात आणि संध्याकाळी पूजा करून सोडतात. माझ्या माहेरी-सासरी हे व्रत नव्हतं, म्हणून ते माझ्या लक्षातच आलं नाही. मी उठून रांगेला विचारलं, "आज कोणाकोणाचा उपास आहे?" दोन हात हळूच वर आले. डॉक्टरांनी दोघींनाही घरी पाठवलं. तिसरी मात्र रक्त देऊन निघून गेली होती.

तिला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. रिक्षा करून स्टँडवर गेले तर गाडी नुकतीच सुटली होती.

"बसायला जागा मिळाली का तिला?" मी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं.

"जागा कुठली, बाई! दारापर्यंत माणसं होती."

परत येऊन बसले, पण कशात लक्ष लागेना. आता वडखळ आलं असेल, आता नागोठणं. दाराजवळ उभी असेल आणि चक्कर आली तर? समोर तिचा फॉर्म, त्यावर माझ्या हातची खूण. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि फॉर्म दुरुस्त केला. तरी चैन पडेना. पुन्हा फोन लावला, पुन्हा नुसताच वाजला.

दुपारी तिचाच फोन आला. "मॅडम, एवढे फोन? बॅगेत होता, ऐकूच नाय आला."

"बरी आहेस ना?"

"वडखळला डोळ्यांपुढे अंधारी आली. एका मावशीने उठून जागा दिली. म्हणते, कितवा महिना गो? म्हटलं, मावशी, अजून लगीन नाय झालं, रक्त देऊन आलेय! सगळी गाडी हसली. मग तिनेच केळं दिलं. केळं चालतं उपासाला." मग हळूच म्हणाली, "मी खोटं बोलले. सर्टिफिकेट परत घेणार?"

"नाही. तू खोटं बोललीस, पण मीही नीट विचारलं नाही. आता आडवी हो, पाणी पी. आणि जेवलीस की कळव."

संध्याकाळी तिची पूजा चालली असेल, हे कळत होतं. तरी दिवेलागणीपासून मी खिडकी आणि फोन यांच्यामध्ये फेऱ्या मारत होते. शेवटी फोटो आला. ताट रिकामं, कडेला लिंबाची साल, खाली लिहिलेलं, 'जेवले मॅडम. तुम्ही पण जेवा.' मग मी पान वाढून घेतलं.

त्या दिवसापासून "जेवलास ना?" असं मी विचारत नाही. काय खाल्लं आणि किती वाजता, ते विचारते.

धाकट्या, तू अजून उत्तर दिलेलं नाहीस.