जमिनीत गेलेली ओळ

शालिनीबाईंची आणि माझी पहिली गाठ कल्याणच्या महाविद्यालयात पडली. सुलतानी अमलातील कोकणावरचा त्यांचा पहिलाच तास होता. मी उठून विचारले, "बाई, सुलतान चांगला होता की वाईट?"

"कोणाच्या घरातून विचारतोयस?" बाई म्हणाल्या. "कुलकर्ण्याच्या, मुल्लाच्या, की वेठीला धरलेल्या माणसाच्या?"

मी खाली बसलो आणि त्यांचा विद्यार्थी झालो, तो आजतागायत.

त्या काळातील हिंदू-मुसलमानांचे शेजारपण हा बाईंचा आयुष्यभराचा विषय. देवळाला दिवाबत्ती देणारा सुलतान त्यांनी दाखवला आणि देऊळ पाडणाराही. त्यामुळे दोन्हीकडच्या सत्काराच्या शाली त्यांच्या वाट्याला कमीच आल्या. बाईंना त्याची खंत नाही, मला आहे. शिलालेख वाचताना त्यांची एक शिस्त असे : शेवटची ओळ आधी. ती बहुधा जमिनीत गेलेली असते आणि वर भांडणाऱ्यांना ती नकोच असते.

या शिस्तीचे मोल मला आंबिवलीपुढच्या एका गावात कळले. देऊळ आणि दर्गा यांच्या मधोमध जुनी विहीर, काठावर अर्धा पुरलेला दगड. दगडावर चंद्र-सूर्य, खाली एक फारसी ओळ, मग देवनागरी. ज्याचा दगड त्याची विहीर, असा वाद पेटला. विहिरीवर जाळी बसली आणि जाळीला दोन्ही बाजूंनी आपापले कुलूप ठोकले. ऐन वैशाखात नळ कोरडे, बायका टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या. अशा वेळी बाईंना बोलावणे आले. मी सोबत होतो.

"बाय, यो सूर्य आमचा हाय, मंग दगड बी आमचाच," देवळाचे विश्वस्त दामूशेठ म्हणाले.

"आणि चांद कोणाचा?" दर्ग्याचे मुजावर हमीदभाई म्हणाले.

"आकाशाची वाटणी मागाहून करा," बाई म्हणाल्या. "आधी दोघं मिळून खणा."

दोघांनी खणले. दगड धुतला. बाईंनी गुडघे टेकून वाचले. सुलतानाच्या अधिकाऱ्याने हे पाणी सगळ्या रयतेला दिले होते. आड येईल तो हिंदू असेल तर त्याला गाईची शपथ, मुसलमान असेल तर डुकराची. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे चालावे, म्हणून ते कोरलेले.

दोघेही कुलपांकडे बघत राहिले. "सुलतान देवमानूसच व्हता म्हनायचा," दामूशेठ हळूच म्हणाले.

बाईंनी तेही चालू दिले नाही. "विहीर वेठीने खणून घेतल्याचंही इथेच लिहिलंय, दामूशेठ. आणि शपथ दोघांना घालावी लागली, म्हणजे तेव्हाही दोघं भांडतच होते. भांडा, पण पाणी अडवू नका."

आधी कोणाची किल्ली निघाली हे बाईंनी मला कधी सांगू दिलेले नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा निवृत्त झालेल्या बाई डोंबिवलीहून शीळफाट्यामार्गे बस बदलत ठाण्याला, मी शिकवतो त्या महाविद्यालयात येत आणि माझ्याऐवजी माझे तास घेत. आभार मानू लागलो तर म्हणाल्या, "आधी घरी जा."

आज पंच्याहत्तरीत त्यांची नजर अधू झाली आहे. कोरीव अक्षरे त्या बोटांनी चाचपून वाचतात. मला त्याची भीती वाटते, कारण जमिनीत अजून पुष्कळ ओळी आहेत आणि वर कुलपे घेऊन उभे असलेलेही पुष्कळ. बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि त्याच्या आड जो येईल, तो कोणीही असो, त्याला त्याची त्याची शपथ.