नाही लागला तर वनाला लावा

धुळ्याच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये संघमित्रा नेमकं काय करते, असं तिच्या आईला, मंदाबाईंना, कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, "मशिननं टाकून दिलेलं वेचते." आणि खरं सांगू का, इतकं नेमकं संघमित्राला स्वतःलाही कधी सांगता आलं नसतं.

त्याचं असं, की नरडाण्याकडची एक भागीदार कंपनी गावोगाव फिरून नमुने घ्यायची. रक्ताच्या नळ्या गाडीने यायच्या, त्यांच्यावर नुसता नंबर. तो नंबर कुणाचा, हे सांगणारा संदेश इंटरनेटवरून वेगळा यायचा. त्यात एक रकाना जरी चुकला, तरी लॅबचं सॉफ्टवेअर अख्खा संदेश बाहेर टाकायचं. आणि चुकायचे ते बहुतेक झुलालचे. झुलाल तिकडे नमुने घ्यायचा. माणूस सोन्यासारखा, पण लोक सांगतील ते जसंच्या तसं रकान्यात कोंबायचा. वयाच्या जागी 'बहात्तरच्या दुष्काळात सात वर्षांची होती'. फोनच्या जागी तर कादंबरीच! संघमित्रा वाचायची, पोटभर हसायची आणि फोन लावून सगळं नीट करून घ्यायची.

मग पुण्याहून समाधान सर आले साहेब म्हणून. समाधान काय ते नावातच.

"मॅडम, चुकीचा संदेश परत पाठवायचा आणि आपल्याकडून पुसून टाकायचा. दोनदा परत गेला की शिकतील."

"शिकतील हो सर. पण तोवर पेशंटचं काय?"

"सोमवारपासून पुसायचं," सर म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

सोमवार उजाडायच्या आधी शुक्रवार आला. दुपारी एका नळीचा रिपोर्ट पाहून लॅबच्या डॉक्टरबाई ताडकन उठल्या. पोटॅशियम भलतंच वाढलेलं. "हृदय कधीही बंद पडेल. या पेशंटला आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. कोण आहे हा?"

नळीवर नंबर होता, नाव नव्हतं. संदेश बाहेर टाकलेला होता.

संघमित्राने तो उघडला. पुष्पाबाई, नरडाण्याजवळचं गाव. फोनच्या रकान्यात एक नंबर आणि पुढे झुलालची कादंबरी : 'आक्काचा फोन गिरणीत चार्जिंगला असतो. नाही लागला तर शेजारच्या वनाला लावा.' पुढे वनाचा नंबर.

आक्काचा फोन लागला नाही. वनाने दुसऱ्या रिंगला उचलला.

"कोन शे?"

"वनाभाऊ, लॅबमधून बोलतेय. पुष्पाआक्कांना आत्ताच्या आत्ता धुळ्याला आणा. जिवाचा प्रश्न आहे."

"आक्का वावरमा शे." पलीकडे गाडीला किक बसल्याचा आवाज. "घाबरू नका ताई, मी तिले गाडीवर लई येस."

फोन ठेवून संघमित्रा वळली. सर मागेच उभे होते, पडद्यावरची झुलालची कादंबरी वाचत. संध्याकाळी दवाखान्यातून कळलं, आक्का वाचल्या. संघमित्रा बेसिनपाशी जाऊन मनसोक्त रडली.

पुसायचा हुकूम सोमवारी गुपचूप मागे गेला. उलट सरांनीच फॉर्ममध्ये नवा रकाना घातला : शेजारी कोण, त्यांचा फोन. भरल्याशिवाय संदेश आत घ्यायचाच नाही!

महिन्याभराने लॅबच्या माणसांची तपासणी निघाली. एकच संदेश बाहेर पडला. संघमित्राने उघडला आणि ती केबिनकडे गेली.

"सर, तुमचा संदेश बाद झालाय. शेजाऱ्याच्या जागी नुसती रेघ आहे."

"अहो, काय लिहिणार? समोरच्या फ्लॅटचं दार कायम बंद असतं."

"त्यांचं, की तुमचं?"

सरांनी फॉर्म परत मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी तोच फॉर्म पुन्हा आला. शेजाऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : 'समोरचे हिलाल नाना. कमी ऐकू येतं. नाही उचलला तर सुनेला, रूपाताईंना लावा. त्या घरीच असतात, चहा चांगला करतात.' पुढे दोघांचे नंबर.

मशिनने तोही बाहेर टाकला. संघमित्राने हसत हसत तो हाताने भरून घेतला.