क्षच्या आधीचा य

जयवंताबाईंची गोष्ट सांगायची तर आधी माझ्या मोसंब्यांची सांगावी लागते, कारण गुन्ह्याची सुरुवात तिथूनच झाली.

माझा मित्र शालिकराम महाल भागातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचा. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. एकेक चिमटीत उचलून ओळ बांधायची. नरखेडकडच्या एकाच शाळेत, एकाच तरटावर बसून आम्ही दोघं चौथी झालो. मी मोसंबीच्या बागेत राहिलो, तो अक्षरांत गेला. लग्नपत्रिकेत ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं दिसलं की त्याला ताप भरायचा, मग नवरदेव कोणीही असो.

त्र्याहत्तर साली त्याच्या चिमटीतून खिळे पडू लागले. आधी हात गेले, मग पाय, मग बोलणं. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. मला समजलं ते एवढंच, की नसा वाळत चालल्या आहेत, औषध नाही, पण डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील.

नेमकं हेच शेवटचं आम्ही विसरलो. या आजारात माणसाला कारण नसताना हसू फुटतं, रडू फुटतं, आणि त्याचं त्याला आवरत नाही. आम्हाला वाटलं, गेलं डोकं. मग त्याच्याशी बोलणंच थांबलं. बोलायचो ते त्याच्याबद्दल, त्याच्या उशाशी बसून.

मी दर आठवड्याला एसटीनं मोसंबी न्यायचो. सुभद्रावहिनी, म्हणजे त्याची बायको, रस काढायची आणि मी मोठ्या प्रेमानं त्याला निजल्या-निजल्या चमच्यानं पाजायचो. ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे. मी म्हणायचो, "हयू गा, घाई काहून करतं?" जसा काही चमचा त्याच्याच हातात होता!

एक दिवस त्यानं तोंड घट्ट मिटलं. रस नाही, वरणाचं पाणी नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत काही पोटात गेलं नाही तर दवाखान्यात आणा, नाकातून नळी घालू. नळीचं नाव काढताच शालिकरामच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, यायनं जायाचं ठरवलं."

डॉक्टरांनीच मग जयवंताबाईंना घरी पाठवलं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढरं पातळ. वीस वर्षं दवाखान्यात आया होत्या. सिस्टरच्या मागं उभं राहून सगळं शिकलेल्या. गाव आमच्याच बाजूचं, जलालखेड्याकडचं म्हटल्यावर मला कोण आनंद! शाळाही चौथीपर्यंतच. पण बाईंनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सरळ खाटेशी गेल्या.

"दादा, मी जयवंता. आता तुमाले कुशीवर करतो. दुखलं तं डोये मिटा."

शालिकरामनं डोळे मिटले. बाईंनी गुडघ्यांच्या मधे उशी सरकवली. डोळे उघडले. आम्ही दोघं बघतच राहिलो. कित्येक महिन्यांत त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं.

"हो-नाही समजते म्हन्जे अक्षरं बी समजतीन," बाई म्हणाल्या. "छापखान्यातले ना तुमी? मी कपासून म्हनत जातो. तुमचं अक्षर आलं का डोये मिटायचे. वहिनी, पाटी घ्या वं. मले यायच्या डोयावरून नजर हालवता येत नाही." आणि मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी स्पिरिट आना. पाठ लाल होऊन राहिली."

मी स्पिरिट घेऊन परतलो तर वहिनी दारातच बसलेली, पदर डोळ्याला, पुढ्यात पाटी. पाटीवर दोनच अक्षरं: गया.

"तोंड काहून मिटलं म्हनून इचारलं, तं हे सांगतलं. पिंडाची तयारी करा म्हन्ते, भाऊजी."

 आत जाऊन मी त्याचा हात धरला. म्हटलं, "शालिक, कायजी नको करू. गयेले मी सोता जाईन. गाडीत उभं राहून जाईन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. थांबेचना. वहिनी हुंदका देऊन म्हणाली, "पाहा, गेलंच डोकं."

बाई तोवर चुलीपाशी होत्या. हातात वाटी घेऊन आल्या, पाटी पाहिली.

"गया? आता बुद्धगयेले कोन चाललं?"

"तुमीच तं य म्हनलं," वहिनी म्हणाली.

"तो य नाही वं! मी य म्हनलं. क्षच्या आधीचा य! खिया, डोया, गया!" आणि बाईंनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं.

ळ! आमच्याकडे जिभेवर ळ येतच नाही. मास्तरांनी आमच्या हातावर छड्या मोडल्या, तरी ळचा य तो यच राहिला. गळा! बिचाऱ्याचा गळा धरत होता, आणि मी त्याला गयेला पोचवायला निघालो होतो.

"पानी पातय, सर्रकन वाट चुकते अन् श्वासाच्या नयीत जाते," बाई म्हणाल्या. "रस कोन पाजत होतं?"

मी स्पिरिटच्या बाटलीवरचं लेबल वाचू लागलो.

बाईंनी त्याला टेकवून बसवलं, हनुवटी छातीकडे झुकवली. वाटीत ज्वारीची घट्ट आंबील होती. "दादा, अर्धाच चमचा. तुमी गियलं का मंगच दुसरा." शालिकरामनं थोडा वेळ चमच्याकडे पाहिलं. मग ओठ उघडले. गळ्याची घाटी खाली गेली, वर आली. ठसका नाही. वाटीला पाऊण तास लागला. नळी राहिली दवाखान्यातच.

त्यानंतर शालिकराम पावणेदोन वर्षं जगला. दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि रोज अक्षरं. जयवंताबाईंना छळायला तो मुद्दाम ळचे शब्द शोधायचा: केळं, पोळी, कंटाळा. बाई म्हणायच्या, "दादा, हा पयला य का दुसरा?" तो हसायचा. ते हसू आजाराचं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात श्वास अपुरा पडू लागला. बाईंनी विचारलं, "दादा, काही पायजे?" फार वेळ लागला. मी पाटीवर लिहीत होतो, प्रत्येक य नीट विचारून. सगळं मिळालं, एवढंच होतं.

बाईंनी पाटी हातात घेतली, एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचली. "सगयं मियालं," म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसत त्याच्याकडे वळल्या, "जाता जाता दोन दोन य टाकले ना गा, दादा!"

शालिकरामनं डोळे मिटले. म्हणजे, हो.