हंड्यावर बसलेली वाचक

फुलपाड्यात नळ कोरडे आणि टँकरवाले मालामाल! मोर्च्यातल्या भाषणासाठी मला बंडखोरांवरच्या एका जुन्या बंगाली कादंबरीचा मराठी अनुवाद हवा होता. वाचनालयातली एकुलती एक प्रत एक काकू बोट ओलं करून पानं उलटत वाचत होत्या.

"काकू, समाजासाठी द्या," मी म्हणालो.

"ही कादंबरी इंग्रजांनी जप्त केली, तरी लोकांनी लपवून वाचली. लेखकही बधला नाही. तू इंग्रजांपेक्षा मोठा लागून गेलास?"

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकाविनाच तावातावानं बोललो. बायका नगरपरिषदेच्या दारात हंडे घेऊन बसल्या. हवालदार ओरडला, "चला, उठा!" अर्ध्याजणी उठल्यासुद्धा.

पालथ्या हंड्यावर बसलेल्या काकूंनी पदराआडून तेच पुस्तक काढलं. "थांब रे बाबा, एवढं प्रकरण संपू दे."

उठलेल्या बायका हसत पुन्हा बसल्या. एवढं जोरदार भाषण माझंही झालं नव्हतं.