दोन्ही डाव्या बाह्या

चहाचा कप विसळून पालथा घातला की मास्तरीणबाईंच्या खेपा सुरू व्हायच्या. मग संडास, मग तोंड धुणं, मग पुन्हा संडास. नवरा वर्तमानपत्राआडून विचारायचा, "आज कुठला पेपर, गणिताचा का?" तो बसचा ड्रायव्हर, आता निवृत्त. जन्मभर गर्दीतून गाडी काढली आणि घरी येऊन गाढ झोपला. कामावर जायची भीती वाटू शकते, हे त्याच्या डोक्यातच शिरत नसे. एवढं होतंय तर सोडून दे की, असं तो अगदी सहज म्हणायचा. सोडून दिवसभर याच्यासमोर बसायचं, हा विचार मास्तरीणबाई चहाबरोबर गिळून टाकायच्या.

त्या गणवेशांच्या कारखान्यात कापड कापायच्या; कापणाऱ्या पुरुषाला तिथे मास्तर म्हणत, म्हणून त्या मास्तरीणबाई. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर हव्या त्या आकाराचा पुठ्ठा ठेवून खडूनं आखायचं आणि विजेच्या पात्यानं सगळे थर एकदम कापायचे. त्या टेबलाशी आधी फक्त पुरुष उभे राहत. मास्तरीणबाई दाराजवळच्या बाकावर धागे कापायला बसायच्या. तिथून टेबलापर्यंत यायला त्यांना उमेदीची सगळी वर्षं लागली होती.

मग एका दवाखान्याच्या सदऱ्यांचं काम आलं. कापडाला उलटी-सुलटी बाजू होती आणि सगळे थर सुलटे पसरलेले. अशा वेळी एक बाही आखली की दुसरीसाठी पुठ्ठा उलटा करायचा असतो, नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. मास्तरीणबाईंनी पहिली बाही आखली, तेवढ्यात मालकीणबाई काहीतरी विचारायला आल्या, बोलून गेल्या, आणि पुठ्ठा उलटायचा राहिला. शिवणाऱ्या बाईची एक बाही सदऱ्याला बसली, दुसरी काही केल्या बसेना, तेव्हा सगळ्यांना कळलं. सगळ्या डाव्या. मालकीणबाईंनी बाही स्वतःच्या हातात चढवून पाहिली, काढून नीट घडी केली आणि कापडाचं नवीन थान मागवलं. कारखान्यातला इस्त्रीवाला म्हणाला, गिऱ्हाइकाला विचारून घेऊ, उजवे हात हवेच आहेत का. सगळे हसले. मास्तरीणबाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून हे पोटाचं सुरू झालं आणि त्या कामाला जाईनात.

आधी कंबर धरली, मग नवऱ्याचे डोळे आले, मग घरी पाहुणे आले. ही सगळी कारणं कारखान्यात सांगायची धाकट्या जावेनं. ती तिथेच काजं-बटणं करायची. दोघींचं फारसं सख्य नव्हतं. सासूबाईंच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून एकदा बिनसलं होतं ते तसंच राहिलं. पण खोटं बोलताना जाऊ कुचराई करायची नाही. पाहुण्यांना तर तिनं परस्पर तापही आणला होता.

काल मात्र तिच्याबरोबर मालकीणबाईंचा निरोप आला. उद्या मोठं काम लागतंय. याल तर टेबल तुमचं, नाहीतर इस्त्रीवाल्याला शिकवते. तुम्हाला बाकावर जागा आहे.

म्हणून आज जाऊ दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मास्तरीणबाईंचं ठरलेलं होतं. सांग त्यांना, म्हणाल्या, मी बाकावर बसते. धागा चुकून कापला गेला तर काही बिघडत नाही.

जाऊ पायरीवर टेकली. गुडघ्याला हात लावून थोडं कण्हली.

"ताई, तुम्हाला काय वाटतं, मला हौस आहे? लग्न झाल्यापासून रोज सकाळी उठलं की मला नको वाटतं. आधी सासूबाईंपुढे जायचं नको वाटायचं, आता तिथे जायचं. मी कधी कोणाला सांगितलं नाही."

"मग जातेस कशी?"

"नको वाटत वाटत जाते. आणखी कशी जाणार?"

आतून नवरा म्हणाला, दोघींना एकाच डॉक्टरकडे घेऊन जातो. "तुम्ही गप्प बसा हो भावजी," जाऊ म्हणाली, आणि आत येऊन तिनं मास्तरीणबाईंचा डबा उचलला. डबा तिच्या हातात गेला म्हणून मास्तरीणबाईंनी चपला घातल्या.

टेबलावर कापड पसरलेलंच होतं. पलीकडे इस्त्रीवाला उगाच टेपनं मापं घेत उभा. मास्तरीणबाईंनी पहिली बाही आखली. पुठ्ठा उलटा केला, दुसरी आखली. पाहिलं, पुन्हा पाहिलं. बरोबर दिसत होतं, पण त्या दिवशीही बरोबरच दिसलं होतं. पातं हातात घेतलं आणि खाली ठेवलं. 

मग त्यांनी जावेला हाक मारली. म्हणाल्या, वाक आणि दोन्ही हात या दोन बाह्यांवर ठेव, तळवे खाली. बाहीचा खांद्याकडचा पुढचा वळसा मागच्यापेक्षा खोल असतो, तो अंगठ्याच्या बाजूला यायला हवा. जाऊ टेबलावर ओणवी झाली, गाल कापडाला टेकलेला. सगळ्यांची यंत्रं थांबली. मास्तरीणबाईंनी एका हाताचा अंगठा पाहिला, खडूची रेघ पाहिली, मग दुसऱ्या हाताचा. दोन्ही खोल वळसे आतल्या बाजूला, एकमेकांसमोर.

"हात काढू का," जाऊ म्हणाली, "का माझ्यासकट कापताय?"

कोणीतरी फिसकन हसलं. मास्तरीणबाईंना हसू आलं नाही. त्यांनी पातं सुरू केलं.

दुपारी त्यांना जेवण गेलं नाही. मालकीणबाईंनी वरची एक जोडी उचलून पाहिली आणि पुढचं काम सांगितलं, दुसरं काही नाही. इस्त्रीवाला आपल्या इस्त्रीकडे गेला. मास्तरीणबाईंनी दर वेळी जावेला बोलावलं, दर वेळी ती कुरकुरत आली. काजं मागे पडली म्हणून बोलणीही खाल्ली.

संध्याकाळी दोघी परत निघाल्या. मास्तरीणबाईंची कंबर आता खरंच दुखत होती. दारापाशी जाऊ म्हणाली, आज जमलं ना, उद्यापासून काही वाटायचं नाही.

"वाटणार," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आत्तापासूनच वाटतंय."

जावेनं डबा त्यांच्या हातात दिला.

"तू ये बोलवायला. मी नाही म्हणेन. तरी ये."