धर्मसिंगची करडीवरची लारी

कायदा कायदा म्हणून मला कुणी शिकवू नका. कायद्यानं सुटलेला माणूस मी पाह्यलाय, अन् सुटल्यावर त्याचं काय झालं तेबी पाह्यलंय.

तो माणूस म्हंजे धर्मसिंग, आमच्या पुसेगावजवळच्या तांड्यावरचा. मी सटवाजी, गावातला तेली. घाणा माझा, बैल माझा, अन् तोंडबी माझंच, त्याला लगाम न्हाई. धर्मसिंग माझ्या उलटा. शंभर गोष्टी इचारा, एकीचं उत्तर देणार, तेबी लारीबद्दल असलं तरच. हिंगोलीला एका जिनिंगात तो इंजनावर कामाला होता. तिथल्या शेठनं एक मोडकी डिझेलची लारी भंगारात काढली. ती ह्यानं बैल लावून तांड्यावर आणली अन् उघडी करून बसला. लोक हसायचे, "काय धर्मसिंग, अंडी उबवून राहिला का?" ह्यो आपला पाना फिरवत राह्यचा. अन् एक दिवस ती खोकत, धूर सोडत उठली, नरसीवरून हिंगोलीला गेली अन् मीठ घेऊन आली. वावर न्हाई, लेकरू न्हाई, जे काय होतं ते ती लारीच. त्याची बायको भिकाबाई म्हणायची, "सवत हाय माझी. पण कमावती हाय, म्हणून नांदवते."

मग ती मोठी लढाई लागली. डिझेल कुपनावर आलं. ज्याची वर ओळख त्याला पिंप, अन् आमच्या धर्मसिंगला डबाभर. लाऱ्या जागच्या जागी उभ्या राह्यल्या. एक दिवस हा घाण्यावर येऊन उभा.

"सटवाजीकाका, करडीचं खवट तेल हाय का?"

"काहून रे? दिव्याला?"

"लारीला."

म्या म्हणलं, गेलं ह्याचं डोकं! पण चालली की हो! त्याची रीत अशी, की चालू करायची डिझेलवर, तापली की द्यायचं करडीचं तेल, अन् बंद करायच्या आधी परत थोडं डिझेल पाजायचं. तेवढं इसरलं तर करडी आतच चिकटून बसते. हे मला काय सांगायचं? माझ्या घाण्याच्या कडेला तेल वाळलं तर खुरप्यानं निघत न्हाई. म्हणून कुपनाचं डिझेल तो सीटखाली डब्यात जपून ठेवायचा, इंजनापोत नळी अन् मधी तोटीची चावी लावून. त्या लारीनं आमच्या बाजारात मीठ आणलं, काडेपेट्या आणल्या, बाळंतिणी दवाखान्यात नेल्या. तवा कुठं गेला होता कायदा?

थंडीचे दिवस होते. हळदीची पोती भरून आमी हिंगोलीला निघालो, मी त्याच्या बाजूला बसलेला. नाक्यावर अमीनसाहेब, म्हंजे आमचे फौजदार, खुर्ची टाकून उन्हाला बसले होते. त्यांना वास आला.

"काय जाळून राहिला रे?"

"करडीचं तेल, सायेब."

"लोकांला खायला न्हाई अन् तू तेल जाळतो?"

"सायेब, खवट हाय. तोंडात धरवत न्हाई," मी म्हणलं.

"मग जळण हाय का ते? जळणाचं कुपन दाखव!"

खायचं म्हणलं तरी गुन्हा, जळण म्हणलं तरी गुन्हा. घ्या! मग म्हणतात, "तुझं लायसन डिझेलच्या गाडीचं. तेलावर चालवायची परवानगी कुठं लिवलीय?"

धर्मसिंग जन्मात कुणाला उलट बोलला नव्हता. त्या दिवशी म्हणला, "मनाई कुठं लिवलीय, सायेब?"

खाडकन् कानाखाली बसली. अन् हुकूम झाला, "इंजन बंद कर!"

आता ह्यो हात जोडून राहिला. "मारा सायेब, कोठडीत घाला. पण दोन मिनिटं द्या. डिझेल पाजून बंद करतो, न्हाईतर ती मरंल." एका शिपायानं सीटखाली हात घातला अन् डबा उपसून काढला. "सायेब, चोरीचं डिझेल!" कुपनाचं होतं हो! चोर सोडून संन्याशाला फाशी! धर्मसिंग हातातल्या चाकाच्या दांड्याला मिठी मारून बसला. तिघांनी त्याला वढून खाली पाडलं, अन् त्याच शिपायानं आत वाकून खटका वढला. इंजन बंद झालं. धर्मसिंग धुळीत बसून लेकरावानी रडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी काय करणार? मलाबी दोन काठ्या पडल्या.

लारी नाक्यामागच्या वाड्यात जप्त. तारखांवर तारखा. थंडी गेली, ऊन पेटलं, पत्रा तापून भाजत होता. हा प्रत्येक तारखेला जायचा अन् एकच मागणं करायचा, एकदा तरी इंजन फिरवू द्या. मुद्देमालाला हात लावायचा न्हाई म्हणे!

आंबे संपत आले तवा निकाल लागला. मुन्सफसाहेब म्हातारे, माणूस सरळ. म्हणले, गाडीत कोणतं तेल घालावं असं कोणत्याच कायद्यात न्हाई. आरोपी निर्दोष, गाडी परत करा. वरातीमागून घोडं! डिझेलचा डबा मिळाला, रिकामा. मी माझ्या ओळखीच्या गिरणीवाल्याकडून लोटाभर डिझेल आणलं. धर्मसिंगनं हँडल लावलं, सगळा जीव लावून वढलं. हललंच न्हाई. मिस्त्री आला, उघडून पाह्यलं, आत सगळा पिवळा डिंक. पंप गेला म्हणला, नवा इलायतेहून यायचा, अन् लढाईत कोण देतो?

शेवटी भिकाबाई तांड्यावरून कुणाची तरी बैलं मागून घेऊन आली. लारीला दोर बांधले. धर्मसिंग नुस्तं चाक धरून वर बसला. नाक्यावर तोच शिपाई उभा. दात काढून म्हणतो, "आता बराबर हाय! ह्याला कुपन लागत न्हाई."

भिकाबाईनं बैलं थांबवली. त्याच्या पुढ्यात जाऊन इचारलं, "त्या दिवशी खटका कोणत्या हातानं वढला?"

त्यानं हसत हसत उजवा हात पुढं केला. ती त्या हातावर थुंकली, मागं फिरली अन् बैलं हाकली.