बास्केटखाली उभा मी

मैदानावर रेषा आखायला पांढरी फक्की मारली, की तिच्या वासानं मला कॉलेजचं मातीचं बास्केटबॉल मैदान आठवतं. सत्तरच्या दशकात मी परभणीत शिकत होतो. संघात सगळ्यात उंच, म्हणून सरांनी मला बास्केटखाली, बास्केटकडे पाठ करून उभं केलं होतं. "चेंडू आला की दोघं तुझ्यावर धावतील. तू लगेच बाहेर दे, मोकळं राहिलेलं पोरगं बास्केटमध्ये टाकील," एवढंच माझं काम. शेवटच्या सामन्याला गावाहून, झरीहून, वडील आले, पहिल्यांदाच. आम्ही एका गुणानं मागे होतो आणि वेळ संपत आली होती. चेंडू माझ्याकडे आला, पण समोरच्यांना माझी सवय कळली होती. माझ्यावर कुणी धावलंच नाही. नुसतं वळून टाकायचं होतं. मी चेंडू बाहेर दिला. तो तिथल्या पोराच्या हातात पोचेपर्यंत शिट्टी वाजली. सांगितलेलं काम मी केलं होतं, त्यामुळे मला वाईटसुद्धा वाटलं नाही. बसस्टँडकडे जाताना वडील म्हणाले, "समदे तुलाच चेंडू देत व्हते. तू कवा टाकतूस, ते बघायलो व्हतो." मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. काय बोलावं ते सुचलं नाही. वडील जाऊनही आता बरीच वर्षं झाली, आणि मला अजून सुचलेलं नाही.